घडीचे पाते : खिशासाठी की घरासाठी?



काही शब्द दिसावयास सोपे आणि भाषांतरास अवघड असतात. ‘पॉकेट नाइफ’ हा त्यांपैकीच एक. ‘खिशातील चाकू’ असे त्याचे मराठी करून पुढे जाण्यास कोणाची आडकाठी नाही. परंतु लेखणी तेथे किंचित थबकते, ती ‘खिसा’ या शब्दापाशी. हा खिसा कोणाचा? धोतराला खिसा नसतो, नऊवारी लुगड्याला नसतो, तमिळ शेतकऱ्याच्या वेष्टीलाही नसतो. कनवटीला पैसे लावणारा, ओच्यात भाजी घेणारा आणि कमरेला बटवा खोचणारा आपला देश खिशातील चाकू कोठे ठेवीत असेल? आणि एखाद्या कारखानदाराने खास भारतीय गिऱ्हाइकासाठी मिटणारा चाकू बनवावयाचे ठरविले, तर त्याने प्रथम काय पाहावे? आजच्या सदरात आपण या प्रश्नाचा थोडा विचार करू. विषय लहान वाटेल. पण ज्या वस्तूला घरातले कोणी तरी दिवसातून दोन-तीन वेळा हात लावते, तिच्याविषयीचा प्रश्न लहान नसतो.

प्रथम इतर देशांनी काय केले ते पाहू. स्वित्झर्लंडचे उदाहरण सर्वांच्या परिचयाचे आहे. त्या देशाच्या सैन्याने १८८९ साली नवी बंदूक स्वीकारली. ती खोलून साफ करण्यास पेचकस हवा होता, आणि डब्यातील अन्न खाण्यास डबा फोडण्याचे साधन हवे होते. म्हणून पाते, पेचकस, डबाफोडणी आणि टोच्या एकाच मुठीत मिटविणारा चाकू सैनिकाला द्यावयाचे ठरले. आरंभीचे चाकू जर्मनीतील सोलिंगेन येथून आणावे लागले. ही गोष्ट कार्ल एल्सेनर नावाच्या स्विस कारागिरास रुचली नाही, आणि १८९१ पासून त्याने ते स्वदेशात बनवून सैन्याला पुरविण्यास आरंभ केला. १८९७ साली त्याने अधिकाऱ्यांसाठी हलका चाकू काढला. त्यात बाटलीचे बूच काढण्याचा मळसूत्री आकडाही होता. ज्या देशात जेवणाबरोबर द्राक्षासव घेतात, तेथे हा आकडा शोभून दिसतो. आपल्याकडील बहुसंख्य घरांत मात्र तो नवा कोरा राहूनच म्हातारा होतो.

फ्रान्सच्या सावोआ प्रांतात जोझेफ ओपिनेल याने १८९० साली लाकडी मुठीचा अगदी साधा चाकू बनविला. डोंगरातला शेतकरी भाकर, चीज आणि मांसाचा तुकडा त्याने कापून खाई. पाते काम करताना मिटून बोटावर पडू नये म्हणून १९५५ साली मार्सेल ओपिनेल याने त्याच्या गळ्याशी फिरते कडे बसविले. जपानमध्ये ह्योगो प्रांतातील मिकी या लोहारकामाच्या गावी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ‘हिगोनोकामी’ हा चाकू जन्मास आला. दुमडलेल्या पत्र्याची मूठ, एक पाते आणि अंगठ्याने दाबावयाची एक लहानशी दांडी, एवढाच त्याचा संसार. शाळकरी मुले त्याने पेन्सिलीला टोक काढीत. पुढे १९६० नंतर मुलांच्या हाती पाते नको अशी चळवळ तेथे झाली, आणि हे चाकू बनविणारे कारागीर झपाट्याने कमी झाले.

ही झाली स्वतःच्या देशासाठी केलेली रचना. दूरच्या, न पाहिलेल्या लोकांसाठी चाकू रचण्याचे प्रयोगही झाले आहेत. १९०२ साली जर्मनीतून आफ्रिकेतील वसाहतींत विकण्यासाठी ‘ओकापी’ नावाचा चाकू निघाला. ओकापी हा मध्य आफ्रिकेच्या अरण्यातील जिराफाच्या कुळातला प्राणी. गिऱ्हाईक ज्या खंडातले, तेथलेच नाव चाकूला दिले होते. १९८८ पासून हा चाकू दक्षिण आफ्रिकेतच तयार होऊ लागला. फ्रान्समधील तिएर या चाकूंच्या गावी गास्पार कोन्ये याने १९२९ साली ‘दुक-दुक’ बनविला, तो पॅसिफिक महासागरातील मेलानेशियाच्या बाजारासाठी. पत्र्याचा एकच तुकडा दुमडून केलेली मूठ, साधे पोलादी पाते, किंमत अल्प, आणि मुठीवर तिकडील एका मुखवटाधारी दैवताची आकृती. परंतु बाजाराची गंमत पाहा. ज्यांचे दैवत मुठीवर कोरले त्यांच्यापेक्षा उत्तर आफ्रिकेतील लोकांनीच हा चाकू अधिक आपला मानला. अल्जीरियाच्या स्वातंत्र्ययुद्धात तो शस्त्र म्हणूनही वापरला गेला. मुठीवर चित्र कोणाचेही काढता येते. चाकू कोणाचा हे अखेर वापरणारा हात ठरवितो.

या सर्व कथांत एक गोष्ट समान आहे, आणि ती आपल्या दृष्टीने महत्त्वाची आहे. स्विस सैनिक असो, सावोआचा शेतकरी असो की जपानी विद्यार्थी असो, जो वापरतो तोच कापतो, आणि स्वतःपुरते कापतो. युरोपात सुरी जेवणाच्या मेजापर्यंत येते. प्रत्येक जण आपल्या ताटातील घास आपण कापून घेतो. आपल्याकडे ताटाजवळ पाते येत नाही. कोशिंबीर, भाजी, आमटीतील शेंगेचा तुकडा, सारे काही कापूनच पानात पडते, आणि जेवणारा फक्त हात धुऊन बसतो. म्हणजे आपल्या देशात कापण्याचे काम जेवणाच्या आधी, स्वयंपाकघरात, एका व्यक्तीने साऱ्या कुटुंबासाठी केलेले असते. ही व्यक्ती बहुधा गृहिणी असते, किंवा घरकामास येणारी बाई असते. भारतीय बाजारासाठी पाते रचणाऱ्याने शोध घ्यावयाचा तो या व्यक्तीचा. खिशाकडे पाहून तो आरंभीच वाट चुकेल.

अंगावर बाळगावयाचे पाते आपल्याकडे मुळीच नव्हते, असे मात्र समजू नये. मराठी शेतकऱ्याच्या चंचीत पान, चुना, कात यांच्या जोडीला अडकित्ता असे. तमिळ आजीच्या कमरेच्या सुरुक्कुप्पैत, म्हणजे ओढदोरीच्या पिशवीत, पाक्कुवेट्टि असे. नावांकडे पाहा : ‘अडकित्ता’ या शब्दातील पहिला भाग म्हणजे कानडीतील ‘अडिके’, सुपारी, आणि ‘पाक्कुवेट्टि’ म्हणजे सुपारी कापणारी. दोन दांड्या, एक बिजागरी आणि एक पाते. मिटले की धार आत दडलेली. आपल्या देशाचे खरेखुरे घडीचे पाते हेच. कारागिरांनी त्यावर पोपट, घोडे, मोर घडविले. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात अशा अडकित्त्यांचा संग्रह पाहावयास मिळतो. तथापि, सुपारी ही कर्करोगास कारण होते, असा निर्णय जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली दिलेला आहे. तेव्हा अडकित्त्याचा व्यवसाय वाढावा, अशी इच्छा कोणी करणार नाही. त्याची रचना मात्र शिकण्यासारखी आहे. धार वापरात नसेल तेव्हा ती झाकलेली असावी, आणि त्यासाठी वेगळे म्यान शोधावे लागू नये, हा धडा अडकित्त्याने कितीतरी पिढ्या दिला.

मग खुद्द चाकूचे काय? ‘घडीचा चाकू’ म्हणताच आपल्यापैकी अनेकांच्या मनात एकच नाव येते : रामपुरी. उत्तर प्रदेशातील रामपूर येथील कारागिरांचा हा चाकू. पाते नऊ ते बारा इंचांपर्यंत लांब, आणि उघडताना होणारा तो कट्कट् आवाज. हिंदी चित्रपटांनी हा आवाज खलनायकाच्या प्रवेशाची सूचना करून टाकला, आणि मग तो चाकू आंबे कापण्यास कोण घेणार? १९९० च्या दशकात उत्तर प्रदेश शासनाने साडेचार इंचांहून लांब पात्याचे असे चाकू बनविण्यावर बंदी आणली. दुकाने एकामागून एक मिटली. २०२३ साली रामपूरच्या एका चौकात सुमारे वीस फूट लांबीचा भव्य चाकू स्मारकासारखा उभारण्यात आला. तमिळनाडूतही असेच एक उदाहरण आहे. शिवगंगा जिल्ह्यातील तिरुप्पाच्चेत्ती हे गाव ‘अरुवाळ’ या विळ्यासारख्या शेती-अवजारासाठी प्रसिद्ध. परंतु चित्रपटांच्या प्रेक्षकांना ते अवजार मारामारीतूनच अधिक परिचित झाले आहे. चांगल्या कामाच्या वस्तूला एकदा दुर्लौकिक चिकटला की, ती बनविणाऱ्याच्या चुलीपर्यंत त्याची झळ पोहोचते.

येथे कायद्याचाही विचार केला पाहिजे. १९५९ चा शस्त्र अधिनियम आणि त्याखालील नियम यांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्यांचा उल्लेख धारदार शस्त्रांत केलेला आहे; मात्र घरगुती, शेतीच्या, वैज्ञानिक किंवा औद्योगिक कामासाठी बनविलेली हत्यारे त्यातून वगळली आहेत. दिल्लीत १९८० सालच्या अधिसूचनेने कळ दाबताच उघडणाऱ्या चाकूंवर अधिक कडक मर्यादा घातली. विमानाच्या प्रवासी कक्षात तर लहान चाकूही नेता येत नाही. हे सारे पाहता, भारतीय बाजारासाठी चाकू रचणाऱ्याने वेगाचा हव्यास सोडलेला बरा. पाते आखूड असावे, कळ किंवा स्प्रिंगचा झटका नसावा, नखाने व दोन्ही हातांनी सावकाश उघडावे. हिशेब साधा आहे. आगगाडीत पेरू कापणाऱ्याला घाई नसते, आणि शेजारच्या बाकावरील प्रवाशाला धास्ती वाटता कामा नये.

आता आपण मूळ मुद्द्याकडे, म्हणजे स्वयंपाकघराकडे येऊ. चाकूत पाते हलते आणि भाजी स्थिर असते. आपल्या घरातील जुन्या साधनात याच्या नेमके उलट घडते : पाते स्थिर उभे असते आणि भाजी हलते. हे साधन म्हणजे विळी. चेन्नईच्या स्वयंपाकघरात ती ‘अरिवाळ्मणै’ होते. ‘अरिवाळ’ म्हणजे विळा आणि ‘मणै’ म्हणजे पाट. आणि आपली ‘विळी’ तरी विळ्याचीच धाकटी बहीण नव्हे काय? शेतातील विळा स्वयंपाकघरात येऊन पाटावर बसला, ही एकच कल्पना दोन्ही भाषांनी आपापल्या शब्दांत सांगितली. तेलुगू घरात तिला कत्तिपीट म्हणतात, कानडीत ईळिगे मणे, बंगालीत बोंटी, ओडियात पनिकी. गोव्यात ती आदोळी, तर वसईच्या किनाऱ्यावर मोरळी. महाराष्ट्रातून, आंध्रातून वा बंगालमधून चेन्नईला बदली होऊन आलेल्या कुटुंबांना एकमेकांची भाषा कळावयास वेळ लागेल, परंतु एकमेकांच्या घरातील ही वस्तू ओळखण्यास क्षणाचाही वेळ लागत नाही.

या वस्तूचा गुण तिच्यापुढे बसणाऱ्यालाच कळतो. पाट पायाने किंवा गुडघ्याने दाबलेला असतो, त्यामुळे दोन्ही हात मोकळे राहतात. तमिळ घरातील केळीच्या कालाची भाजी पाहा. काल म्हणजे केळीच्या खांबातील पांढरा गाभा. त्याच्या चकत्या कापताना दर दोन चकत्यांमध्ये कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू निघतात. सराईत बाई चकती कापते, मोकळ्या बोटाभोवती तो तंतू गुंडाळून घेते, आणि चकती ताकाच्या पाण्यात टाकते म्हणजे ती काळी पडत नाही. हे सर्व एका लयीत चालते. एक हात चाकूच्या मुठीत अडकला तर ही लय तुटते. फणस, सुरण, मासे, नारळाची वाटी यांसारख्या जड आणि निसरड्या वस्तू दोन्ही हातांनी धरून पात्यावर दाबता येतात. शिवाय पात्याच्या टोकाला दातेरी खवणी असतेच. म्हणजे ज्याला इतर देश ‘अनेक कामांचा चाकू’ म्हणतात, तो आपल्या घरात पूर्वीपासून पाटावर उभा आहे.

परंतु या गुणातच धोकाही आहे. उभे पाते म्हणजे उघडे पाते. म्हणून आपल्या घरांत एक नियम असे : काम झाले की विळी उभी ठेवू नये, आडवी करावी. रांगते मूल, अंधारात उठलेले माणूस, घाईने वळलेला पाय, या सर्वांचा विचार त्या एका वाक्यात होता. नागपंचमीला चिरणे-कापणे वर्ज्य करण्याची रीत अनेक मराठी घरांत आहे. त्या दिवशी विळीला पूर्ण विश्रांती. आणि नवरात्रात महाराष्ट्रात खंडेनवमीला, तमिळनाडूत आयुधपूजेला, तिलाही इतर हत्यारांबरोबर हळदीकुंकू लागते. धारेचा मान ठेवावा आणि धारेचे भानही ठेवावे, अशी ही दुहेरी शिकवण.

घडीची विळी ही या जुन्या नियमाचीच यंत्रातून केलेली अंमलबजावणी होय. पात्याच्या बुडाशी बिजागरी बसविली. काम झाले की पाते पाटावर निजते. आजी जे तोंडाने सांगे ते आता एक खिळा सांगतो. महाराष्ट्रातील भांड्यांच्या दुकानांत ही विळी सर्रास मिळते. चाकूची घडी खिशात मावण्यासाठी असते, विळीची घडी घरातील पावलांसाठी असते. एका देशाच्या गरजेतून रचना कशी बदलते याचे याहून चांगले उदाहरण शोधावयास दूर जाण्याची गरज नाही.

असे असूनही विळी घरांतून कमी होत चालली आहे, हे मान्य केले पाहिजे. कारण स्पष्ट आहे : स्वयंपाकघर जमिनीवरून उठून ओट्यावर गेले. उभ्याने काम करणाऱ्या गृहिणीस प्रत्येक भाजीसाठी खाली बसणे परवडत नाही. आणि ज्यांचे गुडघे दुखतात त्यांना तर खाली बसणे व पुन्हा उठणे ही शिक्षाच होते. काहींनी विळी तशीच उचलून ओट्यावर ठेवली. पण ओटा सामान्यतः बत्तीस-चौतीस इंच उंच. त्यावर पाट, त्यावर उभे पाते. बेताच्या उंचीच्या बाईचे हात मग छातीपर्यंत उचललेले राहतात, खांदे भरून येतात, आणि दाबण्यास पाय नसल्यामुळे पाट सरकतो. मग विळी अडगळीत जाते, परदेशी धर्तीची सुरी व फळी येते, आणि ज्या हाताला चाळीस वर्षे भाजी हलविण्याची सवय आहे त्याला उतारवयात पाते हलवावयास शिकावे लागते. बोटे कापतात ती या काळात. ‘आईला सवय नाही’ असे आपण म्हणतो. वस्तूच तिच्या सवयीला धरून रचलेली नाही, हे क्वचितच म्हणतो.

रचनाकाराने वस्तूला कोणते प्रश्न विचारावेत, याचा एक उत्तम पाठ भारतातच दिला गेला आहे. भारत सरकारच्या निमंत्रणावरून अमेरिकन रचनाकार चार्ल्स व रे ईम्स यांनी १९५८ साली जो अहवाल लिहिला, त्यात त्यांनी आपल्या साध्या लोट्याचे कौतुक केले. तो किती पाणी घेतो, डोक्यावर, कमरेवर की हातात वाहतात, रिकामा असताना तोल कसा, भरलेला असताना कसा, धुण्यास सोपा आहे काय, अशा अनेक अंगांनी त्यांनी त्याचा विचार केला होता. या अहवालातूनच पुढे १९६१ साली अहमदाबाद येथे राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली. लोट्याला विचारलेले हे प्रश्न विळीला विचारावयास काय हरकत आहे? ती वापरणाऱ्याचे वय किती? बसून की उभ्याने? उजवा हात की डावा? धुताना पाणी कोठे साचते? धार कोण लावतो? मूल हाताळील तेव्हा काय होईल?

असे प्रश्न विचारून काय साधते, हेही तमिळनाडूने दाखविले आहे. इडली-डोशाचे पीठ वाटण्याच्या ‘आट्टुक्कल्’मध्ये खालचा दगड स्थिर असे आणि हाताने वरवंटा फिरवावा लागे. कोइमतूरच्या कारागिरांनी विजेवर चालणारे यंत्र केले तेव्हा परदेशी पात्यांची नक्कल केली नाही. त्यांनी दगड तसाच ठेवला आणि पात्र फिरविले, वरवंटा जागच्या जागी राहिला. पिठाचा पोत जपला गेला आणि बाईच्या खांद्यावरचे ओझे उतरले. २००६ साली कोइमतूरच्या या वेट ग्राइंडरला भौगोलिक उपदर्शनाची नोंदही मिळाली. काय हलवावे आणि काय स्थिर ठेवावे, एवढ्या एका विचाराने एका प्रांताची सकाळ बदलली. विळीच्या बाबतीत असा विचार अद्याप पुरता झालेला नाही.

धातूचाही प्रश्न आहे. चेन्नईची हवा खारी आणि दमट. साध्या पोलादाला धार उत्तम चढते आणि घरच्या दगडावर ती पुन्हा लावता येते. पण चिंच, कैरी, लिंबू, केळफुलाचा चीक यांनी ते काळे पडते, आणि पुसावयाचे राहिले की एका रात्रीत तांबूस होते. इंग्लंडमधील शेफील्ड येथे हॅरी ब्रेअर्ली यांनी १९१३ साली गंज न चढणारे पोलाद सिद्ध केले. ‘व्हिक्टोरिनॉक्स’ या स्विस नावाचा उत्तरार्धही या न गंजणाऱ्या पोलादाच्या फ्रेंच नावावरून, ‘इनॉक्स’वरून, आला, पूर्वार्धात एल्सेनर यांच्या आईचे, व्हिक्टोरिया हिचे, नाव आहे. किनाऱ्यावरील घरांना हे पोलाद सोयीचे. मात्र हलक्या प्रतीचे घेतल्यास धार लवकर बसते, आणि बोथट पाते धारदार पात्यापेक्षा अधिक घातक असते, कारण त्यावर जोर द्यावा लागतो आणि जोर दिलेला हात घसरतो. सायकलच्या चाकावर दगड फिरवून धार लावणारा माणूस चेन्नईच्या गल्लीतही दिसतो आणि पुण्या-मुंबईच्याही. त्याच्या दगडाला तमिळात ‘साणै’ म्हणतात. संस्कृत ‘शाण’ शब्दाचे हे रूप. आपली सहाणही त्याच घराण्यातली. हा फिरता कारागीर नाहीसा झाला तर कितीही उत्तम पाते वर्षभरात निरुपयोगी होईल, हे रचनाकाराने विसरू नये.

हे सर्व ध्यानी घेऊन, घडीची विळी किंवा चाकू खरेदी करणाऱ्या कुटुंबासाठी काही व्यावहारिक गोष्टी सांगून ठेवतो. विळी घेताना पाते उभे करून दोन बोटांनी आडवे हलवून पाहावे. बिजागरीत लचक असेल तर ती घेऊ नये. खिळा ठोकून पक्का केलेला असण्यापेक्षा पेचकसाने आवळता येणारा बोल्ट असावा, म्हणजे ढिली झालेली विळी टाकून द्यावी लागणार नाही आणि पाते काढून धारही लावता येईल. उभे केलेले पाते आपोआप पडणार नाही आणि निजविलेले आपोआप उठणार नाही, अशी अडकण दोन्ही बाजूंस हवी. पाट जड असावा. तळाशी रबर असल्यास उत्तम. ओट्यावर वापरावयाची असेल तर पाटाला पुढे ओठ हवा, तो ओट्याच्या कडेस अडकून पाट सरकू देत नाही. आणि शक्य असेल तर ओट्यापेक्षा ठेंगण्या मेजावर, स्टुलावर बसून ती वापरावी. धुतल्यावर बिजागरी कोरडी करून तेलाचा एक थेंब सोडावा. चाकू घेताना मात्र आखूड पाते, न घसरणारी मूठ, आणि उघडल्यावर पक्के बसणारे अडकण एवढेच पाहावे; बाकीच्या दहा-बारा पात्यांचे पैसे बहुधा दुकानदाराच्या उपयोगी पडतात.

आणि एक शेवटची सूचना, ती घरातील पुरुष मंडळींना. स्वयंपाकघरातील वस्तू अनेकदा ती न वापरणाराच खरेदी करून आणतो. यापुढे असे पाते विकत घ्यावयाचे असेल, तेव्हा जिच्या हाती ते रोज राहणार आहे तिला दुकानात सोबत न्यावे, पाट जमिनीवर ठेवून किंवा मेजावर मांडून तिला पाहू द्यावे, आणि तिने नापसंत केले तर कारण विचारून ते दुकानदारालाही सांगावे. दुकानदाराकडून ते बनविणाऱ्यापर्यंत पोहोचेल. आपल्या घरी आज जे पाते आहे, ते कोणाच्या सोयीचे आहे आणि कोणाच्या गैरसोयीचे, हे आज संध्याकाळी भाजी चिरली जात असताना क्षणभर तेथे थांबून अवश्य पाहावे. आणि जमल्यास अर्धी भाजी स्वतः चिरून पाहावी.